डोंगरातल्या मजुरीचा हिशेब

मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या डोंगरात कष्टाचं मोल ठरवायच्या तीन पद्धती एकामागून एक आल्या. आधी ते माणसाच्या शब्दावर ठरे. मग तोडलेल्या झाडावर ठरू लागलं. शेवटी ते खणलेल्या खड्ड्यावर येऊन थांबलं. मी या तिसऱ्या पद्धतीचा नोकर. १९८० च्या दशकात रोजगार हमीच्या कामांवर मोजमापं घ्यायला वर आलो आणि इथलाच झालो. टेप, मोजमाप पुस्तिका आणि हजेरीपट या तीन वस्तूंवर माझी नोकरी चालली. दुसऱ्याच्या घामाचा आकडा लिहिणारा हात माझा होता. म्हणून हा इतिहास मला नुसता जुना वाटत नाही. एखाद्या माणसाचं काम चांगलं झालं हे कुणी ठरवायचं, कशावरून ठरवायचं आणि त्याचा मोबदला कधी द्यायचा, हे प्रश्न या डोंगरात दीडशे वर्षं विचारले जात आहेत.

शब्दावरच्या मोबदल्यापासून सुरुवात करतो. मेळघाटातल्या कोरकू समाजात लग्नासाठी मुलाकडून मुलीच्या बापाला देज द्यायची रीत. ज्याच्याकडे द्यायला काही नाही तो मुलगा लमझना म्हणून होणाऱ्या सासऱ्याच्या घरी राही. ठरलेली वर्षं शेतात राबे, गुरं राखे, लाकूड आणे. मुदत पुरी झाली की सासरा आपल्या खर्चानं लग्न लावून देई. रोजची मजुरी नाही, रोजचं मोजमापही नाही. सगळा मोबदला शेवटी, एकदाच. काम कसं झालं हे ठरवणारा माणूस त्याच घरात जेवणारा, त्यामुळे पोराची मेहनत आणि स्वभाव दोन्ही त्याला दिसत. पण यात एक मोठी जोखीम होती. मोबदला देणारा आणि कामाची पारख करणारा माणूस एकच. मुदतीच्या आधी बिनसलं तर पोराची वर्षं मातीत जाण्याची भीती.

डोंगराखाली वऱ्हाडातही फार वेगळं नव्हतं. माझे वडील दर्यापूरकडचे शेतकरी. आमच्याकडे सालदार असे. पाडव्याला साल ठरे आणि पुढच्या पाडव्याला संपे. महिन्याच्या महिन्याला धान्य, ठरलेली रक्कम हप्त्याहप्त्यानं, आणि पोळ्याला बोजारा. बैल सजवून तोरणाखालून आले की घरधनी सालदाराच्या हातावर पैसे ठेवी, कपडे देई. वर्षभर बैल कुणी सांभाळले हे त्या दिवशी अख्ख्या गावासमोर कबूल केलं जाई. बोजाऱ्याची रक्कम लहान, पण तो चुकवलेला घरधनी गावात नजरेला नजर देऊ शकत नसे. सालदाराच्या आयुष्यात कर्जही होतं आणि अपमानही होता, त्याला गोड रंग द्यायची माझी इच्छा नाही. पण चांगल्या कामाची कबुली सगळ्यांसमोर द्यायची असते, एवढं त्या पद्धतीला नक्की ठाऊक होतं.

मेळघाटात अशी कबुली मागून घेतली जाते, फगव्याच्या रूपानं. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. होळीनंतरचे काही दिवस ढोल-बासरी घेऊन बायामाणसांचे जथे बाजारात, दुकानांसमोर, रस्त्यांवर नाचतात आणि फगवा मागतात. दुकानदार, ठेकेदार, जंगल खात्याचा साहेब, एसटीतला प्रवासी, कुणी सुटत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला ते भीक मागणं वाटतं. मला इथं राहून उमगलं ते वेगळं आहे. वर्षभर आमच्या कष्टावर तुमचं चाललं, तर आमच्या सणाला तुम्ही काही देणं लागता, असा तो हक्काचा तगादा आहे. होळी आणि मजुरी यांची गाठ पुढं या लेखात पुन्हा येईल, कारण डोंगरातल्या माणसाचा हिशेबाचा दिवस तोच आहे.

आता झाडाकडे येतो. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला. त्याच किल्ल्याशेजारच्या पठारावर पुढं चिखलदरा हे गोऱ्या साहेबांचं थंड हवेचं ठिकाण वसलं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं आणि १८६६ मध्ये मेळघाटातलं जंगल राखीव होऊ लागलं. इथल्या सागाला बाजार होता. पण साग तोडायला, ओढायला, रस्ते करायला आणि आग विझवायला माणसं हवीत, आणि या चढउतारात बाहेरची माणसं टिकत नव्हती. खात्यानं उपाय काढला तो वनग्रामांचा. जंगलाच्या आत कुटुंबं वसवायची, कसायला जमीन द्यायची, आणि त्या बदल्यात बोलावलं की जंगलाच्या कामावर यायची अट घालायची. जमीन खात्याची, घर खात्याच्या मर्जीवर. अशा गावात कामाला नाही म्हणणं म्हणजे घर सोडायची तयारी ठेवणं. मजुरी मिळाली तरी तिचा दर ठरवण्यात गावाचा काही हात नव्हता, आणि काही कामं तर सरळ बेगारच होती. लमझन्याला निदान शेवटी संसार मिळे. वनग्रामातल्या माणसाला पुढच्या वर्षी तिथंच राहायची परवानगी मिळे.

तोडीची व्यवस्था अशी चाले. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीचे पट्टे, पाडलेले असत. कोणतं झाड तोडायचं त्यावर खात्याच्या हातोड्याची खूण असे. कूप ठेकेदार घेई, ठेकेदार मुकादम नेमी आणि मुकादम गावागावांतून टोळ्या जमवी. टोळ्या जमवायचं हत्यार म्हणजे उचल. पावसाळ्यात घरातली ज्वारी-कुटकी संपत आली की मुकादम येऊन पैसे देई आणि हिवाळ्यात ते कामातून फेडून घेई. लाकूड बैलांकरवी ओढलं जाई, गाड्यांवर चढे आणि घाट उतरून परतवाड्याच्या डेपोत जाई. तिथं त्याचं माप होई, घनफूट लिहिले जात, लिलाव होई. कुऱ्हाड चालवणारा माणूस त्या मापाच्या वेळी हजर नसे. त्यानं जंगलात काय तोडलं आणि डेपोत काय मोजलं गेलं, यांच्या मध्ये मैलांचं अंतर आणि मुकादमाचं तोंड होतं. कामावर मोबदला ही कल्पना ऐकायला न्यायाची वाटते. पण माप दुसऱ्याच्या अंगणात, पाठीमागं घेतलं जात असेल, तर कष्ट वाढवून कमाई वाढेल यावर माणसाचा विश्वास बसत नाही. साहेबांच्या जुन्या लिखाणात डोंगरातला माणूस आळशी असल्याचे शेरे सापडतात. ज्याला आपल्या कामाचं माप कधी दाखवलंच नाही, त्यानं जास्त काम का करावं, हा प्रश्न त्या शेऱ्यांच्या शेजारी लिहायला हवा होता.

ठेकेदाराला बाजूला काढायचा पहिला मोठा प्रयत्न स्वातंत्र्याच्या वेळी झाला. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या सरकारनं १९४७ च्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या करायला घेतल्या. कूप थेट मजुरांच्या संस्थेला द्यायचे आणि नफा सभासदांत वाटायचा. मेळघाट त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात. त्यानंतर ही वाट इथंही पोचली. त्या कल्पनेत एक गोष्ट नवी होती. मजुरी दिली की मालकाचं कर्तव्य संपलं, असं ती मानत नव्हती. विक्रीनंतर जे उरलं त्यातही तोडणाऱ्याचा वाटा आहे, असं ती म्हणत होती.

तेंदूपत्त्यात हीच कल्पना आणखी ठळक झाली. १९६९ च्या कायद्यानं गौण वनोपजाच्या व्यापारावर राज्याचं नियंत्रण आलं. ऐन उन्हाळ्यात पहाटे जंगलात जायचं, पानं खुडायची, दुपारी घरी सगळ्यांनी बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, मोजून द्यायचा. मजुरी शेकडा पुड्यांवर. पुढं सरकारनं स्वामित्वशुल्काची रक्कमही प्रोत्साहनपर मजुरी म्हणून पानं गोळा करणाऱ्यांना द्यायला घेतली. लोक तिला बोनस म्हणतात. फळीवरची मोजणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. पुडा हातात असतो, पान फाटकं निघालं तर तोंडावर सांगितलं जातं, वाद तिथंच मिटतो. म्हणून फळीवरच्या मजुरीबद्दल बाया ठामपणे बोलतात. बोनसबद्दल मात्र तशा बोलत नाहीत. तो पुष्कळ उशिरा येतो आणि इतकाच का आला हे त्यांना कुणी सांगत नाही. एकाच पानाचे दोन मोबदले. पहिल्यामुळे उद्या जास्त पानं खुडावीशी वाटतात. दुसरा नशिबानं मिळाल्यासारखा वाटतो.

आणि आता खड्डा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग मांडला. वसंतराव नाईकांच्या सरकारनं तो उचलला, १९७२ च्या दुष्काळानं त्याची गरज सिद्ध केली, आणि रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. माझ्याही पगारातून तो कापला जाई आणि त्याचा मला आनंद होता. ज्यांची मापं मी घेत होतो त्यांच्या मजुरीत माझे चार पैसे होते.

या योजनेचे दर ठरवण्यामागं एक सुंदर वाक्य होतं. सर्वसाधारण ताकदीच्या माणसानं सात तास प्रामाणिकपणे काम केलं तर त्याला किमान वेतनाएवढी मजुरी पडली पाहिजे, असे दर लावायचे. बाई आणि पुरुष यांना एकच दर. वऱ्हाडातल्या शेतात बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची, तिथं सरकारी कामावर मात्र दर मातीला होता, माणसाला नव्हता. हा या योजनेचा फार मोठा न्याय होता आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

अडचण होती ती मातीची. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल चौकडी खणली की एक ब्रास. खणताना मध्ये मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन किती उंच होती ते मापाच्या दिवशी दिसतं. दर्यापूरच्या काळ्या मातीत हे सोपं आहे. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर, काळ्या बसाल्टच्या डोंगरावर आहे. वर वीतभर लाल माती, मग मुरूम, मग कठीण मुरूम, आणि सब्बल घातली की ठणकन आवाज देणारा खडक. वनीकरणाचा खड्डा ४५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल. असे अकरा खड्डे झाले की एक घनमीटर भरतो. त्या दीड फुटात कधी तीन थर लागत. प्रत्येक थराचा दर वेगळा. मग या खड्ड्यात मुरूम किती आणि कठीण मुरूम किती हे पुस्तिकेत कुणी लिहायचं? मोजणाऱ्यानं. टेपनं लांबी मोजता येते, पण थराची कठीणता मोजणाऱ्याच्या नजरेवर असते. दर मुंबईला ठरत होते, न्याय किंवा अन्याय मात्र खड्ड्याच्या काठावर होत होता.

मी एक रीत धरली होती. माप घेताना टोळीतल्या दोघांना टेपचं टोक धरायला लावायचं, थर त्यांच्याकडून वदवून घ्यायचा आणि पुस्तिकेत लिहिलेला आकडा तिथल्या तिथं मोठ्यानं वाचून दाखवायचा. यात माझा मोठेपणा काही नाही, जुन्या मिस्त्रींनी मला हेच शिकवलं. टोळीनं कधी खडक नसताना खडक सांगितला असंही झालं. पण मग टोळीतलंच कुणी म्हातारं माणूस हसून म्हणे, साहेब, तेवढा नाही, मुरूमच धरा. चारचौघांत, दिवसाउजेडी झालेल्या मापात खोटं बोलणं जड जातं, मोजणाऱ्यालाही आणि खणणाऱ्यालाही. आणि आकडा ऐकलेली टोळी पुढच्या आठवड्यात चौकडी सरळ कापे, कडा नीट धरी. हा फरक मी वर्षानुवर्षं पाहिला.

टोळीचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. मजुरी टोळीच्या एकूण मापावर निघे आणि हजेरीप्रमाणे सारखी वाटली जाई. त्यामुळे टोळीत कुणाला घ्यायचं हे लोक स्वतः ठरवत. दोन तगडे सब्बल चालवणारे, दोन फावड्यावर, बाया घमेल्यांवर. साहजिकच तगड्यांच्या टोळ्या बनत आणि एकट्या बाया, म्हातारे मागं राहत. त्यांची टोळी कमी खणे आणि कमी मिळवे. तरीही बहुतेक टोळ्यांत एखादी मावशी अशी असे, की जिच्यानं घमेलं उचलत नाही. ती पाणी आणी, पोरं सांभाळी, कुणाच्या पायात काटा मोडला तर काढी. तिची हजेरी लागे आणि तिचा वाटा सारखा निघे. दरपत्रकात तिच्या कामाला जागा नव्हती. टोळीनं आपल्या कमाईतून ती जागा केली होती.

कष्ट कसे मोजायचे या प्रश्नावर अमेरिकेत फ्रेडरिक टेलरनं मोठं शास्त्र उभं केलं. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात १८९९ मध्ये त्यानं कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुरांवर प्रयोग केले आणि १९११ च्या पुस्तकात त्यांचं वर्णन लिहिलं. रोज साडेबारा टन वाहणारा निवडक मजूर त्याच्या सांगण्याप्रमाणे साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. म्हणजे काम पावणेचारपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. टेलरनं एकेका माणसाला वेगळं काढून मोजलं, कारण गटात माणूस ढिला पडतो असं त्याचं मत होतं. आमची रोजगार हमी सर्वोत्तम मजुराऐवजी सर्वसाधारण माणूस धरून चालली, आणि मोजमाप टोळीचं ठेवलं. मला हा पागेंचा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. टेलरच्या हिशेबात ती पाणी आणणारी मावशी पहिल्याच दिवशी घरी गेली असती, आणि तिच्याबरोबर टोळीला टोळी म्हणून बांधून ठेवणारी गोष्टही गेली असती.

पण आमच्याकडे एक दुखणं होतं ज्यापुढं सगळी मापं फिकी पडत. ते म्हणजे उशीर. माप झालं, बिल वर गेलं, निधी नाही, सही नाही, असं करत आठवडे जात. माघ सरत आला की प्रत्येक कामावर एकच प्रश्न: "साहेब, होळीच्या आंधी पैसा भेटन का?" हा प्रश्न आजही मेळघाटात दरवर्षी विचारला जातो. होळीच्या आधी थकलेली मजुरी द्या, ही मागणी दर फाल्गुनात वर्तमानपत्रांत येते. केंद्राची रोजगार हमी २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या दोनशे जिल्ह्यांत अमरावती होता. पंधरा दिवसांत मजुरी द्यायची आणि नाही दिली तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई, असा नियम पुढं आला. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सहा दिवसांची मजुरी १,८७२. तिच्यावर एका दिवसाच्या उशिराची भरपाई ९४ पैसे. महिनाभर थकली तर सुमारे २८ रुपये. होळीला घरात तेल-गूळ नसलेल्या बाईला या २८ रुपयांनी काय भरून मिळतं? पैसे हातात नसले की ती दिवाळीनंतरच अचलपूर-अंजनगावकडे सोंगणीला उतरते, कारण तिथला शेतकरी कमी देईल पण संध्याकाळी देईल. मग आपण म्हणतो, गावात काम असूनही लोक बाहेर जातात.

आता कामावर मोबाइलमधून दिवसात दोनदा फोटो काढून हजेरी लागते. हजेरीतला खोटेपणा थांबवायचा हेतू बरोबर आहे. पण माणूस उभा होता हे फोटो सांगतो, त्याच्या खड्ड्यात कठीण मुरूम लागला हे सांगत नाही.

मोजता न येणारं काम तर या डोंगरात फार आहे. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, कुऱ्हाड हळूहळू मागं पडली आणि राखण हेच मुख्य काम झालं. उन्हाळ्यात जाळरेषा साफ करून वणव्यावर डोळा ठेवणाऱ्या हंगामी मजुरांना इकडे अंगारी म्हणतात. ज्या अंगारीच्या हद्दीत आग लागली नाही, त्यानं सगळ्यांत चांगलं काम केलं. पण न लागलेल्या आगीचं माप पुस्तिकेत कसं लिहायचं? त्याला मिळते ती रोजची ठरलेली मजुरी, आणि आग लागली तर बोलणी. व्यवस्थापन शिकवणाऱ्या कुणीही या माणसाच्या कामाचा विचार केला पाहिजे. रुग्णालयातली परिचारिका, धरणावरचा चौकीदार, शाळेतला चांगला मास्तर, यांची उत्तम कामगिरी अशीच न घडलेल्या वाईट गोष्टींत असते.

याचं मला पटलेलं उत्तर डोंगराच्या पायथ्याशी आहे. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये १९३ हेक्टर उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. परतवाड्याच्या खोज संस्थेची त्यांना साथ होती. गावानं राखण स्वतःकडे घेतली, रोजगार हमीतून खड्डे खणून झाडं लावली, सीताफळं गोळा करून शहरात विकली. २०१४ मध्ये गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. खड्डे तिथंही खणले, दरही तोच होता. फरक हा की त्या खड्ड्यातलं झाड जगलं तर फळ खणणाऱ्याच्याच गावाचं. मजुरी खड्ड्याची मिळाली आणि जगलेल्या झाडाचा मोबदला गावाला मिळाला. आग न लागल्याचा फायदाही ज्यांनी ती लागू दिली नाही त्यांच्याच पदरात पडला. लमझन्याची शेवटी मिळणारी कमाई, जंगल कामगार संस्थेचा उरलेल्यातला वाटा आणि रोजगार हमीचा सारखा दर, या तिन्ही जुन्या कल्पना तिथं एकत्र आल्या आहेत.

म्हणून माणसांकडून काम घेणाऱ्या प्रत्येकाला, मग तो वनपाल असो, कारखानदार असो की संस्थाचालक, मी या डोंगराच्या इतिहासातून तीन गोष्टी सांगेन. माप ज्याचं घेता त्याच्यासमोर घ्या आणि आकडा वाचून दाखवा. जे काम मापात बसत नाही त्याला फळातला वाटा द्या, कारण त्याची पारख फळच करतं. आणि मोबदला त्याच्या गरजेच्या दिवसाआधी द्या. मेळघाटात तो दिवस होळीचा आहे. शासनाला खरंच काही सुधारायचं असेल तर फाल्गुन लागायच्या आत मेळघाटातला प्रत्येक हजेरीपट चुकता करायचा, असा साधा नियम करावा. बक्षिसं आणि गौरवपत्रं त्यानंतर द्यावीत.